नवरा सात वर्षं बेपत्ता, मग मी विधवा की सवाष्ण?

प्रश्न : मॅडम, मी खानापूर तालुक्यातली. आमचे मालक तमिळनाडूत गलाईच्या (सोनं-चांदी गाळायच्या) दुकानात कामाला होते. २०१८ ची दिवाळी करून गेले, २०१९ च्या संक्रांतीला शेवटचा फोन आला, त्यानंतर काहीच नाही. दुकानवाल्यांनी तिकडं मिसिंगची तक्रार दिलीय. मुलगी दहावीला, मुलगा सहावीत. मालकांनी स्वतःच्या कमाईतनं घेतलेली ६० गुंठे जमीन त्यांच्याच नावावर आहे. तलाठी म्हणतात मृत्यूचा दाखला आणा मग वारस लावू, दीर म्हणतात तू हक्कसोडवर सही कर, बाकीचं आम्ही बघतो. माहेरचे म्हणतात घटस्फोट घे, एक चांगलं स्थळ आलंय. सासूबाई अजून रोज रात्री मालकांचं ताट वाढून झाकून ठेवतात. अंगणवाडी मदतनीसचा फॉर्म भरायला बसले तर वैवाहिक स्थिती या रकान्यातच अडकले. काय लिहू?

उत्तर : ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. तुमच्याकडच्या पट्ट्यात, विटा, आटपाडी, तिकडं माण-खटावमध्ये पण, घराघरातला माणूस गलाईला परराज्यात असतो, त्यामुळं असा प्रश्न तुमच्या एकटीचा नसणार, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पहिली गोष्ट, हक्कसोडवर सही करू नका. कुणी कितीही गोड बोललं तरी नाही.

आता मुख्य मुद्दा. सात वर्षं झाली की माणूस आपोआप मयत होतो असा आपल्याकडं पक्का समज आहे, पण तसं नसतं. पूर्वी १८७२ च्या पुरावा कायद्यात कलम १०८ होतं, १ जुलै २०२४ पासून तेच भारतीय साक्ष अधिनियमात कलम १११ म्हणून आलंय. त्याचं म्हणणं एवढंच की ज्यांना त्या माणसाची खबर लागायलाच हवी होती अशा लोकांना सात वर्षं खबर नसेल, तर तो जिवंत आहे हे शाबीत करायची जबाबदारी तसं म्हणणाऱ्यावर. पण हे कोर्टापुढं प्रश्न गेल्यावरच लागू होतं, तलाठ्याला स्वतःच्या अधिकारात मयत धरता येत नाही, ते दाखला मागतात त्यात त्यांचं चुकत नाही. आणि सात वर्षं मोजायची ती शेवटच्या खबरीपासून, म्हणजे तुमच्या बाबतीत संक्रांतीच्या फोनपासून, ते घरातनं गेले त्या दिवसापासून नव्हे. म्हणून सासूबाईंना, दिरांना, दुकानातल्या माणसांना नीट विचारून घ्या की नंतर कुणाला फोन, निरोप, पैसे काही आलं होतं का, कारण एकाला जरी २०२१ मध्ये फोन आला असेल तरी गणित तिथून सुरू होतं.

खबर नाहीच असं पक्कं झालं की दिवाणी कोर्टात दावा लावायचा की यांना मयत घोषित करा. सासू, दीर यांना प्रतिवादी करतात, पेपरला जाहीर नोटीस देतात, आणि मिसिंगच्या तक्रारीची नक्कल त्या तमिळनाडूच्या पोलीस ठाण्यातनं आणावीच लागेल, ती आत्ताच मागवा, त्यात वेळ जातो. निकालाच्या नकलेवरनं मृत्यूची नोंद आणि मग फेरफार, म्हणजे जमिनीच्या कागदावर वारसांची नावं.

आणि आता ज्यासाठी मी एवढं लिहितेय ते. घटस्फोटही मिळतो, १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३ मध्ये सात वर्षं खबर नसणं हे कारण दिलेलंच आहे, आणि माहेरच्यांना कुणीतरी तोच सरळ रस्ता म्हणून सांगितला असणार. पण ताई, घटस्फोट झाला की तुम्ही त्यांची बायको राहत नाही, आणि पुढं ते मयत घोषित झाले तरी तुम्ही विधवा नाही, म्हणजे वारसही नाही. मुलांचा वाटा राहील, तुमचा गेला. तेच मयत घोषित करून घेतलंत तर १९५६ च्या वारसा कायद्यानं तुम्ही, मुलगी, मुलगा आणि सासूबाई असे चार वारस, स्वकष्टाची जमीन आहे म्हणून प्रत्येकी १५ गुंठे. (सासूबाईंचा वाटा बघून बऱ्याच सुनांना धक्का बसतो, पण आई पहिल्या वर्गातली वारस आहे, आणि दिराचा यात काडीचाही हिस्सा नाही.) वाटा नावावर झाल्यावर तुम्ही लग्न केलंत तरी तो कुणी काढून घेऊ शकत नाही. तेव्हा स्थळाला थोडं थांबा म्हणा, आधी निकाल, मग फेरफार, मग लग्न.

कोर्टात न जाताच लग्न केलं तर? सात वर्षं खबर नसेल आणि नव्या नवऱ्याला सगळं खरं सांगितलं असेल तर दुसऱ्या लग्नाचा फौजदारी गुन्हा लागत नाही, पण पहिला नवरा जिवंत निघाला तर ते लग्नच रद्दबातल ठरतं. हा धोका पत्करू नका. आणि निकालानंतर ते खरंच दारात येऊन उभे राहिले तर कोर्टानं धरलेलं गृहीतक तिथंच संपतं, जमीन त्यांची त्यांना.

एक विचारलं नाहीत तरी सांगते, मालकांची एलआयसी असेल तर हप्ते थांबवू नका. २००४ मध्ये सुप्रीम कोर्टानं अशाच बेपत्ता माणसाच्या केसमध्ये सांगितलंय की सात वर्षांनी मृत्यू धरला जातो, पण तो अमुक तारखेला झाला असं धरलं जात नाही, त्यामुळं मधे पॉलिसी बंद पडली की क्लेम अडकतो.

मुलांच्या सह्यांचं टेन्शन घेऊ नका. बाप हयात असला तरी तो प्रत्यक्षात नसेल तर आई पालक म्हणून सही करू शकते, हे सुप्रीम कोर्टानं १९९९ मध्येच स्पष्ट केलंय.

राहिला तो रकाना. निकाल हातात येईपर्यंत ‘विवाहित’ लिहा. आणि सासूबाईंना दाव्याची नोटीस पोस्टानं मिळायच्या आधी तुम्ही स्वतः जवळ बसून सांगा, ‘मयत’ हा शब्द त्यांनी पहिल्यांदा कागदावर वाचू नये.