दोन्ही ॲप आपलीच, तिसऱ्याला मात्र नो एंट्री

प्रश्न: सर, आडतीसाठी हिशोबाचं आणि स्टॉकचं अशी दोन अँड्रॉइड ॲप केलीत, स्टॉकवाल्यानं हिशोबाचा डेटा वाचावा पण फोनमधल्या दुसऱ्या कुठल्या ॲपला तो मिळू नये, कसं करावं? — एक वाचक, लातूर

उत्तर: हिशोबाच्या ॲपच्या मॅनिफेस्टमधे (ॲपची माहिती आन् परमिशन लिहायची फाइल) स्वतःची परमिशन बनवा, प्रोटेक्शन लेव्हल 'सिग्नेचर' ठेवा, कंटेंट प्रोव्हायडरला (दुसऱ्या ॲपला डेटा देणारा भाग) तीच लावा आन् स्टॉकच्या ॲपमधे ती मागा. युजरला काही विचारत नाही, दोन्ही ॲप एकाच कीनं (ॲपवर डिजिटल सही करायची किल्ली) साइन असतील तरच सिस्टीम परमिशन देती. 'नॉर्मल' ठेवली तर कुणीबी मागितलं की मिळती, मग काय उपयोग! लोक अडकतात ते प्ले स्टोअरवर, तिथं नव्या ॲपला गुगल आपणहून वेगळी की बनवतं, त्यामुळं घरी चाललेलं स्टोअरवरून टाकलं की बंद. दुसरं ॲप चढवतानाच पहिल्याची की निवडा.