रिप केलेल्या ब्लू-रेमध्ये हिरवे चौकोन आणि आडव्या रेषा येतात, ग्राफिक कार्ड बदलू का?

ग्राफिक कार्डावर आत्ता पैसे घालू नका. तुम्ही एकाच प्रश्नात तीन गोष्टी लिहिल्यात: पिक्चर चालू असताना मध्येच हिरवे-करडे चौकोन येतात, कॉन्सर्टच्या डिस्कमध्ये कोणी हात हलवला की कंगव्याच्या दातांसारख्या आडव्या रेषा दिसतात, आणि रात्रीच्या सीनमध्ये आकाशात पट्टे पडतात. तिन्हीची कारणं वेगवेगळी आहेत, आणि कार्डाचा संबंध आलाच तर पहिल्यातच येईल, तोही एक सेटिंग बदलून फुकटात तपासता येतो. मी माझ्या स्वतःच्या डिस्क मेकएमकेव्हीनेच (डिस्कवरचा पिक्चर कॉम्प्युटरवर फाईल म्हणून उतरवणारं सॉफ्टवेअर) रिप करतो, त्यामुळे हे सगळे प्रकार बघून झालेत.

चौकोनांपासून सुरू करू, कारण खरं नुकसान तिथेच होतं. चौकोन येतात ते मिनिट-सेकंद लिहून ठेवा आणि तीच जागा परत दोन-तीनदा बघा. दरवेळी वेगळ्याच जागी येत असतील तर फाईल बहुतेक ठीक आहे, प्लेयर गडबड करतोय. दरवेळी तिथेच आणि तसेच येत असतील तर व्हीएलसी प्लेयरच्या प्रेफरन्सेसमध्ये इनपुट / कोडेक्सखाली हार्डवेअर-अ‍ॅक्सिलरेटेड डिकोडिंग, म्हणजे व्हिडिओ उलगडायचं काम ग्राफिक कार्डाकडून करून घेणारं सेटिंग, आहे ते डिसेबल करा, व्हीएलसी बंद करून परत उघडा आणि तीच जागा लावा. चौकोन गेले तर प्रॉब्लेम हार्डवेअर डिकोडिंगचा, ग्राफिक कार्डाचा ड्रायव्हर अपडेट करा आणि फाईल व्हीसी-1 मध्ये आहे का तेही बघा. ब्लू-रेवर तीन कोडेक (व्हिडिओ दाबून साठवायच्या पद्धती) चालतात, एमपेग-2, व्हीसी-1 आणि एच.264, त्यातला व्हीसी-1 सुरुवातीच्या वर्षांतल्या डिस्कवर भरपूर सापडतो आणि माझ्या अनुभवात हार्डवेअर डिकोडिंगमध्ये जास्त त्रास तोच देतो, त्यातून तो इंटरलेस्ड (खाली कॉन्सर्टच्या डिस्कबद्दल लिहिलंय तसा) असेल तर विचारूच नका. अशा फाईलला सॉफ्टवेअर डिकोडिंगच ठेवायचं, आजकालचा साधा प्रोसेसर पण 1080पी आरामात चालवतो.

हार्डवेअर बंद करूनही चौकोन तिथेच असतील तर बिघाड फाईलमध्ये आहे. आता तो कधी शिरला हे शोधायचं, आणि त्यासाठी चौकोन किती वेळ टिकतात ते नीट बघा, बरेच लोक हे बघतच नाहीत. व्हिडिओत प्रत्येक फ्रेम पूर्ण साठवलेली नसते, मधून मधून एक पूर्ण फ्रेम असते आणि बाकीच्या आजूबाजूच्या फ्रेमच्या आधाराने बनतात, त्यामुळे एक खराब झाली की पुढची पूर्ण फ्रेम येईपर्यंत ती घाण पसरत जाते. ब्लू-रेच्या नियमाप्रमाणे पूर्ण फ्रेम साधारण दर सेकंदाला यावी लागते, बिटरेट (सेकंदाला लागणारा डेटा) कमी असेल तर फार तर दोन सेकंदांनी. म्हणजे डिस्क वाचताना शिरलेला चौकोन सेकंद-दोन सेकंदात साफ होतो. हँडब्रेक सॉफ्टवेअरने एन्कोड केलेल्या, म्हणजे परत दाबून लहान केलेल्या फाईलमध्ये मात्र हेच अंतर दहा सेकंदांपर्यंत जाऊ शकतं. तेव्हा घाण पाच-सात सेकंद चेहऱ्यावर चिकटून राहत असेल तर डिस्कचा दोष नाही, एन्कोड झाल्यानंतर फाईल बिघडलीये, म्हणजे हार्ड डिस्क, केबल नाहीतर रॅम. फाईलची दुसरी कॉपी सर्व्हरवर वगैरे असेल तर तिचा आणि पीसीवरच्या कॉपीचा चेकसम (फाईलमधल्या डेटावरून निघणारा आकडा) काढा आणि जुळतो का बघा.

डिस्क वाचतानाच घोळ झाला असेल तर तो मेकएमकेव्हीच्या लॉगमध्ये, म्हणजे रिप करताना त्यात येणाऱ्या संदेशांत दिसतो. हॅश चेक फेल्ड (वाचलेला डेटा मूळाशी जुळला नाही), नाहीतर सोर्स फाईल करप्ट आहे अशी ओळ येते, आणि तरीही बऱ्याचदा फाईल तयार होते, त्यामुळे लॉग वाचल्याशिवाय डिस्क कपाटात परत ठेवू नका. त्या ओळीत ऑफसेट, म्हणजे चूक फाईलच्या सुरुवातीपासून किती आत आहे ते दिलेलं असतं, बाइट्समध्ये, त्याला त्या फाईलच्या साइजने भागलं की पिक्चरमधली जागा अंदाजे कळते, 30 जीबीच्या फाईलमध्ये 15 जीबीपाशी एरर असेल तर साधारण इंटरव्हलच्या आसपास. हे तुम्ही लिहून ठेवलेल्या मिनिटाशी जुळलं की शंका उरत नाही. अजून एक, 50 जीबीच्या डिस्कला 25-25 जीबीचे दोन थर असतात, पहिला आतून बाहेर वाचला जातो आणि दुसरा बाहेरून आत. म्हणून बाहेरची कड, जिथे बोटांचे ठसे हमखास लागतात, ती मोठ्या पिक्चरमध्ये शेवटाला न येता मध्येच कुठेतरी येते. एका थराच्या डिस्कमध्ये कड म्हणजे शेवट.

पुसायचं असेल तर मायक्रोफायबरचं कापड घ्या आणि मधून कडेकडे सरळ पुसा, गोल गोल नाही. टूथपेस्ट लावायचे किंवा पॉलिश मशीनमध्ये घालायचे सल्ले मिळतील, कृपा करून ते करू नका. डीव्हीडीत डेटा 0.6 मिमी आत असतो म्हणून तिथे थोडं घासलेलं चालून जातं, ब्लू-रेत तो फक्त 0.1 मिमी आत असतो आणि वर कडक कोटिंग असतं, ते एकदा घासून गेलं की डिस्क गेली. पुसून परत रिप करा, तरी एरर आला तर मित्राचा वगैरे दुसरा ड्राइव्ह आणून बघा, एका ड्राइव्हला न वाचता आलेली जागा दुसरा बऱ्याचदा वाचतो. दोन ड्राइव्हच्या चुका वेगवेगळ्या जागी आल्या तर अजूनच छान, एमकेव्हीटूलनिक्स या सॉफ्टवेअरने दोन्ही रिपमधले चांगले तुकडे कापून जोडता येतात, परत एन्कोड न करता. तोवर जुनी रिप डिलीट करू नका.

कॉन्सर्टच्या रेषा हा बिघाडच नाही. ती डिस्क 1080आय, म्हणजे इंटरलेस्ड असणार, कॉन्सर्टच्या बऱ्याच असतात, एका फ्रेममध्ये दोन वेगळ्या क्षणांच्या ओळी आलटून पालटून असतात, म्हणून हलणारी वस्तू फाटल्यासारखी दिसते. व्हीएलसीत ई दाबत एकेक फ्रेम पुढे सरका. हालचाल असलेल्या प्रत्येक फ्रेममध्ये रेषा असतील तर डीइंटरलेस करायचं, म्हणजे दोन क्षणांच्या ओळी वेगळ्या करायच्या, आणि शक्यतो बॉब पद्धतीने, ज्यात प्रत्येक क्षणाची वेगळी फ्रेम बनते, म्हणजे सेकंदाला 50 किंवा 60 फ्रेम मिळतात आणि ड्रमरचे हात जसे शूट झाले तसे सळसळीत दिसतात. पाचातल्या तीन स्वच्छ आणि दोन फाटलेल्या असं चक्र दिसलं तर ते 24 फ्रेमचं शूटिंग ताणून बसवलंय, तिथे डीटेलिसिन (मूळ 24 फ्रेम परत काढणारा फिल्टर) वापरा, डीइंटरलेस नाही.

आता पट्टे. मूळ रिप (एमकेव्ही फाईल) आणि तुमचं एन्कोड, दोन्हीत तोच सीन लावा. फक्त एन्कोडमध्ये पट्टे असतील तर परत एन्कोड करा, एन्कोडर म्हणून एक्स265 चा 10-बिट घ्या आणि आरएफ (क्वालिटीचा आकडा, जितका कमी तितकी चांगली) 18 च्या आसपास ठेवा. मूळ रिपमध्येच असतील तर आधी टीव्ही आणि पीसी दोन्हीकडे आरजीबी रेंज (काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतचे आकडे कुठून कुठे धरायचे ते सेटिंग) सारखी आहे ना ते बघा, एकीकडे फुल आणि एकीकडे लिमिटेड असेल तर काळं एकतर राखाडी दिसतं नाहीतर सगळं काळ्यात बुडतं, आणि राखाडी झालं की अंधारात लपलेले पट्टे वर येतात.

आणि पट्टे घालवायला म्हणून डीनॉइज फिल्टर चालू करू नका. फिल्मवर शूट केलेल्या जुन्या पिक्चरमध्ये जे बारीक दाणे हलताना दिसतात तो ग्रेन आहे, तो कॅमेऱ्यातल्या रिळाचाच भाग आहे, आणि तोच आकाशातल्या छटा एकमेकांत मिसळून पट्टे झाकतो. तो पुसला की पट्टे वाढतात आणि माणसांचे चेहरे मेणाचे दिसायला लागतात.

चौकोनांचं मिनिट, ते किती सेकंद टिकतात, आणि लॉगमधली ओळ एवढं खाली टाका, मग डिस्कचा दोष की फाईलचा ते नक्की सांगतो.