पुण्यात नदीकाठी पक्षी, पूर आणि फिरायला येणारी माणसं, तिघांची सोय एकत्र होईल का?

होईल, पण प्रत्येक ठिकाणी तिन्ही नाही. येरवड्याच्या सालिम अली अभयारण्याचंच घ्या. तिथे पक्षी येतात ते गाळाच्या उथळ काठामुळे. शेकाट्या घोटाभर पाण्यात चोच खुपसत चालतो. काठ दगडांनी उभा बांधला की त्याला पाय टेकायला जागाच उरत नाही. हळदी-कुंकू बदकालाही काठचं गवत आणि झुडपं लागतात. म्हणून पायवाट एकाच काठाला, पाण्यापासून मागे असावी आणि समोरचा काठ मोकळा सोडावा. रात्री दिवे नकोत. (सेल्फी पॉइंट तर मुळीच नको.)

पुराचं गणितही याच काठाशी जोडलेलं आहे. निळी पूररेषा म्हणजे साधारण २५ वर्षांतून एकदा येणारा पूर जिथवर पोचतो ती हद्द, लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत राडारोडा टाकून भराव केला, तर तेवढं पाणी दुसऱ्या कुणाच्या तरी घरात शिरणार. खडकवासला धरणातून विसर्ग वाढला की काय होतं, ते २५ जुलै २०२४ ला सिंहगड रोडवरच्या एकतानगरीने पाहिलं. पायवाट बुडाली तरी चालेल अशीच बांधायची, कठडे न घालता, आणि विसर्गाचा इशारा आला की फाटक बंद.

जलपर्णी मात्र पावसाळ्याआधीच काढा, नाहीतर ती पुलाच्या खांबांना अडकून पाणी तुंबवते. अर्थात मैलापाणी थांबेपर्यंत ती दरवर्षी परत येणारच.