रेबीज विषाणूच्या आतल्या प्रथिनांविरुद्धची प्रतिपिंडं नेमकं काय करतात?

प्रश्न रास्त आहे: प्रतिपिंडं (अँटिबॉडी) पेशीबाहेर फिरतात, मग विषाणूच्या आत दडलेल्या प्रथिनाला ती धरणार कशी?

रेबीज विषाणूची प्रथिनं पाचच. त्यातलं फक्त ‘जी’ (G) प्रथिन कवचावर काट्यांसारखं बाहेर असतं. विषाणूला पेशीत शिरण्याआधीच निकामी करणारी प्रतिपिंडं याच्याविरुद्धची. लसीनंतर रक्तात मोजतात तीही हीच, ०.५ आययू (आंतरराष्ट्रीय एकक) प्रति मिलि हे पुरेसं प्रमाण मानतात.

‘एन’ (N) प्रथिन आत, आरएनएला म्हणजे विषाणूच्या जनुकीय द्रव्याला गुंडाळून बसलेलं. त्याविरुद्धची प्रतिपिंडं अख्ख्या विषाणूला थोपवत नाहीत. तरीही निव्वळ एन प्रथिनाची लस दिलेले उंदीर स्नायूत टोचलेल्या विषाणूपासून बचावले, आणि प्रयोगशाळेतल्या पेशींमध्ये एनविरोधी प्रतिपिंडांनी विषाणूचा फैलाव रोखलेला दिसला. म्हणजे संसर्ग झालेल्या पेशीच्या आतही त्यांचा काही परिणाम होत असावा.

मला मात्र खरी गंमत टी-पेशींच्या मदतीत वाटते. ‘जी’ प्रथिन ओळखणारी बी-पेशी (प्रतिपिंडं बनवणारी पांढरी पेशी) अख्खा विषाणू गिळते, त्यातल्या एनचे तुकडे बाहेर मांडते. एन ओळखणारी मदतनीस टी-पेशी (दुसऱ्या प्रकारची पांढरी पेशी) तिला चालना देते, आणि मग बी-पेशी ‘जी’विरुद्धची प्रतिपिंडं भराभर बनवते. शिवाय एन प्रथिन लिसाविषाणूंच्या (रेबीज विषाणू ज्या गटातला, त्या गटाच्या) वेगवेगळ्या जातींत फारसं बदलत नाही, त्यामुळे ही मदत जास्त व्यापक ठरते.

पण चावा झाल्यावर यावर विसंबू नका. जखम लगेच साबण-पाण्याने १५ मिनिटं धुवा, आणि लस व डॉक्टर सांगतील तर इम्युनोग्लोब्युलिन (तयार प्रतिपिंडं) त्याच दिवशी घ्या.