गावातल्या नाटक-भजनाच्या ग्रुपला अनुदान कुठून मिळतं? एजंटला टक्केवारी द्यावी का?

तुम्ही विचारलंय की दहा-बारा जणांचा ग्रुप आहे, भजन आणि नाटक दोन्ही करता, रजिस्ट्रेशन नाही, पैसे कुठून मिळतील आणि ओळखीतला एक माणूस वीस टक्क्यांवर अनुदान 'काढून देतो' म्हणतोय त्याला हो म्हणावं का. मी सहसा अशी उत्तरं लिहीत नाही, पण हा प्रश्न वाचून रात्री झोप लागली नाही म्हणून लिहितोय. मी वेंगुर्ला तालुक्यातला, नोकरी कुडाळला एका पतसंस्थेत, आणि गावातल्या आमच्या हौशी दशावतार मंडळाचा नऊ वर्षं सेक्रेटरी होतो.

पैसे आहेत. कागद नसतात. कोणी पटो न पटो, माझं मत हेच आहे आणि यावरून माझं माझ्या सख्ख्या काकांशी वाजलंय.

काका म्हणजे आमच्या मंडळाचे स्त्री पार्टी, बायकांच्या भूमिका करणारे. बाबा राक्षस पार्टी करायचे, काका तारामती, द्रौपदी, मंदोदरी. त्रिपुरारी पौर्णिमेच्या आसपास जत्रा सुरू झाल्या की मे महिन्यापर्यंत चालू, पालखी झाल्यावर मध्यरात्रीनंतर नाटक उभं राहायचं ते उजाडेपर्यंत. जत्रेत मिळणारे पैसे त्या रात्रीपुरतेच, टेम्पो, चहा, पायपेटी आणि पखवाजवाल्याचं मानधन यातच संपतात. नवीन मुकुट, नवीन कपडे, गावातली पाच-सात पोरं शिकवून तयार करणं याला पैसा उरत नाही. त्यात लोकांना आता ट्रिकसीन म्हणजे चमत्काराचे देखावे हवेत, लाईट हवे. म्हणून 2016 मध्ये मीच म्हटलं की एका सरकारी योजनेत अर्ज करूया. योजनेचं नाव मुद्दाम देत नाही, कारण पुढे जे झालं त्यात चूक आमची होती.

मंडळ रजिस्टर होतं, ऑडिट होत होतं, तिथे अडलं नाही. अडलं एका ओळीवर: 'नाटकाची संहिता जोडावी.'

दशावताराला संहिता नसते. ज्यांनी बघितलंय त्यांना माहीतच आहे, बाकीच्यांसाठी सांगतो, नाटकाच्या आधी मंडळी रंगायला बसतात तेव्हा आख्यान ठरतं, कोण कधी प्रवेश करणार, कुठे युद्ध, कुठे पद, एवढं बोलून घेतात आणि बाकी सगळं बोलणं रंगमंचावर उभं राहून तिथल्या तिथे होतं. रोज तेच 'हरिश्चंद्र', पण रोज वेगळं बोलणं. आता याची संहिता कुठून आणायची? मी ठरवलं की एक रात्र पूर्ण रेकॉर्ड करायची आणि त्यावरून लिहून काढायची.

काकांचं उत्तर एका वाक्यात आलं. "दशावतार कागदार इलो काय मेलो."

तरी मी केलं. शेजारच्या गावच्या जत्रेला मोबाईल एका पोराच्या हातात देऊन समोर बसवलं, साडेचार तासांचं रेकॉर्डिंग झालं. मग तीन आठवडे रोज ऑफिसातून आल्यावर हेडफोन लावून वहीत उतरवत बसलो, एक वाक्य चार वेळा ऐकायचं, पखवाजाखाली दबलेले शब्द काकांच्या बरोबरच्या माणसांना विचारायचे. एकशे बारा पानं भरली. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की हा माणूस काय करतो. रोहिदासाला सर्प चावतो आणि तारामती त्याला मांडीवर घेते त्या प्रवेशात प्रेक्षकांत एक लहान मूल झोपेतून उठून रडायला लागलं. रेकॉर्डिंगमध्ये ते स्पष्ट ऐकू येतं. काका अर्धा क्षण थांबले आणि तारामती त्या मुलाच्या आईला म्हणाली, "बाई, तुझ्या बाळाक जवळ घे. तेका रडूक येता. माझो रडना नाय." सगळा मांडव गप्प. लहानपणापासून पन्नासेक वेळा तरी मी हा प्रवेश बघितला असेन, पण हे वाक्य त्या आधी कधी नव्हतं आणि नंतरही कधी झालं नाही.

मी ते तसंच्या तसं वहीत घेतलं, टाईप करून काकांना वाचायला दिलं. वाचून कागद खाली ठेवले आणि म्हणाले, "ह्या त्या पोरासाठी होता. तुझ्या कागदासाठी न्हय." महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत. मी तेव्हाही म्हटलं होतं आणि आजही म्हणतो की त्या रात्री तिथे असलेली तीनशे माणसं ते विसरलीसुद्धा असतील, ते माझ्याकडे आहे ते कागदामुळेच.

अर्ज मंजूर झाला, 3 लाख. पहिला हप्ता पंच्याहत्तर टक्के म्हणजे 2 लाख 25 हजार खात्यात आले, उरलेले 75 हजार काम पूर्ण झाल्यावर, हिशेब आणि यूसी म्हणजे उपयोगिता प्रमाणपत्र सीएच्या सहीने दिल्यावर. आठ प्रयोग ठरले होते, आठही केले, पोरांचं शिबिर केलं, कपडे झाले. आणि मार्चमध्ये हिशेब जुळवायला बसलो तर 41 हजारांचं व्हाऊचरच नाही. कलाकारांचे पैसे काका हातात देत होते, जत्रेत पहाटे चार वाजता, चेहऱ्याचा रंग काढता काढता. मी व्हाऊचर बुक देऊन ठेवलेलं, स्वतःच्या मानधनावर त्यांनी माझ्या आग्रहाने सही केलेली, पण दुसऱ्यांची घेतली नाही. विचारलं तर म्हणाले, "माझ्या बाजूक तीस वर्सा उभो ऱ्हवलो तो माणूस, तेची सही घेव मी?"

मला तो अपमान समजत होता. पण सीए सही कशावर करणार? नंतर सह्या गोळा करायला गेलो तर दोघं मुंबईला परत गेलेले, एकजण आजारी, आणि मागच्या तारखेच्या सह्या मी घेणार नव्हतो, पतसंस्थेत काम करणाऱ्याला ते कळतं. उरलेले 75 हजार आले नाहीत. साऊंडवाल्याचे 18 हजार मी माझ्या पगारातून तीन हप्त्यांत दिले. मंडळाच्या मीटिंगमध्ये काका सगळ्यांसमोर म्हणाले की अनुदान म्हणजे भीक आणि मी मंडळाला भिकेला लावलं. मी सेक्रेटरीपद सोडलं.

तर तुमच्या प्रश्नाकडे. अनुदान भीक नाही. तुमच्या-आमच्या टॅक्समधूनच ते येतं आणि ज्यांच्याकडे कागद असतात ते घेऊन जातात, तुम्ही नाही मागितलं तर ते दुसऱ्या कोणाकडे जातं, परत तुमच्या गावात येत नाही.

पहिलं रजिस्ट्रेशन. सात जण मिळून सोसायटी (1860 चा कायदा) आणि महाराष्ट्रात त्याचबरोबर 1950 च्या कायद्याखाली धर्मादाय कार्यालयात ट्रस्ट म्हणून नोंद. हे आजच करा, कारण बऱ्याच योजना संस्था निदान तीन वर्षं जुनी आणि तीन वर्षांचं ऑडिट मागतात. म्हणजे यावर्षी आळस केला तर अजून एक वर्ष पुढे. मग पॅन, संस्थेच्या नावाने बँक खातं, एनजीओ दर्पण या सरकारी पोर्टलवर नोंद. सीएसआर म्हणजे कंपन्यांचा सामाजिक कामासाठीचा निधी हवा असेल तर 12ए, 80जी या इन्कम टॅक्सकडच्या नोंदी आणि सीएसआर-1 फॉर्म, तो 2021 पासून सक्तीचा आहे. कंपनी कायद्याच्या सातव्या परिशिष्टात कला, संस्कृती, पारंपरिक कला हे स्पष्ट लिहिलेलं आहे, लोक उगाच समजतात की सीएसआर फक्त शाळा आणि टॉयलेटला.

दिल्लीच्या संस्कृती मंत्रालयाची कार्यक्रम आणि निर्मितीसाठीची योजना आहे, साधारण 5 लाखांपर्यंत, त्यात तुमचा स्वतःचा पंचवीस टक्के वाटा दाखवावा लागतो. गुरु-शिष्य परंपरेची रेपर्टरी ग्रँट आहे, त्यात गुरूला महिन्याला 15 हजारांपर्यंत, पण त्याला वर्षभर नियमित काम करणारा संच लागतो, हौशी ग्रुपने त्याच्या मागे लागू नये. उदयपूर आणि नागपूरची सांस्कृतिक केंद्रं, महाराष्ट्र दोन्हींत येतो हे फार कमी जणांना माहीत असतं, त्यांच्या गुरु-शिष्य योजनेत गुरूला 7,500, साथीदाराला 3,750 आणि शिष्याला 1,500 महिना. राज्याच्या सांस्कृतिक कार्य संचालनालयाकडे तमाशा, दशावतार, खडीगंमत, शाहिरी अशा कलांना भांडवली आणि प्रयोग अनुदान असतं. ग्रुपमध्ये 18 ते 25 वयाचं कोणी खरंच शिकत असेल तर त्याला केंद्र सरकारची शिष्यवृत्ती, महिना 5 हजार, दोन वर्षं. हे व्यक्तीला मिळतं, संस्था लागत नाही, तुम्ही रजिस्टर होईपर्यंत हे तरी करा.

आणि एक ज्याबद्दल मी सगळ्यांना सांगत असतो, बंगळुरूचं इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्स. ते मराठीतला अर्ज घेतात. इंग्रजी येत नाही म्हणून मागे राहू नका. पण त्यांना 'कार्यक्रम करायचाय' हे नको असतं, तुम्हाला नक्की काय शोधायचंय, काय करून बघायचंय ते हवं असतं. मला आज परत अर्ज करायचा असता तर मी तारामतीच्या त्या एका वाक्यावर केला असता, संहिता नसलेलं नाटक लिहून काढताना काय हाताला लागतं आणि काय निसटतं यावर.

आमच्याच जिल्ह्यात पिंगुळीला परशुराम गंगावणे यांनी ठाकर समाजाच्या चित्रकथीच्या, म्हणजे चित्रं दाखवत गोष्ट सांगायच्या कलेच्या, पोथ्या आणि कळसूत्री बाहुल्या गोठ्यात मांडून संग्रहालय उभं केलं, 2021 ला पद्मश्री मिळाली. मी काकांना तेव्हाही दाखवलं होतं. जपून, नोंदवून ठेवलं म्हणून त्या चित्रकथी मेल्या का? काकांनी विषय बदलला.

काकांचं पुढे काय झालं तेही सांगतो. राज्याची ज्येष्ठ साहित्यिक व कलावंतांसाठी मानधन योजना आहे, आता राजर्षी शाहू महाराजांच्या नावाने, 2024 पासून महिन्याला सरसकट 5 हजार. वय पन्नासच्या वर, वार्षिक उत्पन्न 60 हजारांच्या आत, आणि किमान पंधरा वर्षं कला केल्याचे पुरावे. पुरावे! चाळीस वर्षं रात्री जागवलेल्या माणसाकडे एक कागद नव्हता. फोटो नाहीत, प्रमाणपत्रं नाहीत, दशावतारी माणसाला जत्रेत प्रमाणपत्र कोण देतो? मी दोन महिने फिरून सहा देवस्थानांची पत्रं आणली, जुन्या जत्रांच्या पत्रिका शोधल्या, आणि त्याच्याबरोबर लावलं काय तर ती एकशे बारा पानं आणि 2017 ची व्हाऊचर. त्यावर त्यांची सही, तारीख, प्रयोगाचं ठिकाण, भूमिका तारामती. मानधन चालू झालं. मला काही बोलले नाहीत, काकीने घावणे पाठवले.

आता काकांच्या बाजूचंही सांगायला हवं नाहीतर हे खोटं होईल. त्या आठ प्रयोगांपैकी एक आम्ही परीक्षकांसमोर केला, संहिता दिलेली होती म्हणून पोरांना वाटलं तसंच बोलायला हवं, सगळी पाठ करून आली आणि नाटक पडलं. काका एकटे तेवढे आपलं बोलत होते आणि समोरचे पाठ केलेलं उत्तर देत होते. मी विंगेत उभा होतो, बघवत नव्हतं. तेव्हा संहिता द्या, पण सोबत लिहूनच द्या की ही एका रात्रीची नोंद आहे, प्रयोग असा होणार नाही. मी ते लिहिलं नव्हतं.

आणि अनुदानाचे पैसे उशिरा येतात. त्याच्या भरवशावर व्याजाने पैसे काढून खर्च करू नका. तुम्ही दहा-बारा जणच आहात, गरज लाखभराची असेल तर आधी देवस्थान आणि तुमच्या गावचे मुंबईतले चाकरमानी, त्यांच्या मंडळाला पत्र पाठवा, गणपतीत गावी येतात तेव्हा समोर बसून बोला, पावती मात्र फाडा. योजनांचे आकडे आणि तारखा बदलत राहतात, मी लिहिलंय ते अर्ज भरायच्या आधी एकदा तपासून घ्या.

तो वीस टक्केवाला. 3 लाखांवर 60 हजार, आणि हे 60 हजार तो हिशेबात कुठे दाखवणार? कुठेच दाखवता येत नाहीत, म्हणजे तुम्हाला तेवढ्याची खोटी बिलं लावावी लागणार आणि यूसीवर सही तुमच्या अध्यक्ष-सेक्रेटरीची असणार, त्याची नाही. अर्ज लिहायला मदत हवी असेल तर जवळच्या कॉलेजातल्या मराठीच्या मास्तरांना विचारा, सीएला त्याची रीतसर फी द्या आणि तिचं बिल घ्या. त्या वीस टक्केवाल्याला आजच फोन करून नाही म्हणा, आणि या रविवारी सगळ्यांना बोलावून सात नावं नक्की करा. त्यात एक जण तरी असा घ्या जो पहाटे चार वाजता पण सही मागेल.