चेक बाऊन्स झाल्यावर मेमो फायलीत ठेवून देऊ नका

प्रश्न थोडक्यात असा: धायरीत पोळी-भाजीचा व्यवसाय करणाऱ्या एका ताईंनी हिंजवडीतल्या कॅन्टीन ठेकेदाराला डबे पुरवले. त्याने १० जूनच्या तारखेचा १,८५,००० रुपयांचा चेक दिला. १८ जूनला तो परत आला, कारण खात्यात पैसे नव्हते; तसं लिहिलेली चिठ्ठी, म्हणजे मेमो, बँकेने दिला. तेव्हापासून "पुढच्या आठवड्यात नक्की" हेच ऐकू येतंय. ऑगस्ट संपत आला, आता केस करता येईल का?

ताई, अशी पत्रं मला सारखी येतात. कधी प्रिंटिंगवाला असतो, कधी भोसरीतला फॅब्रिकेटर. पैसे बुडवणं चूक आहे हे तुम्हाला सांगायची गरज नाही. मुद्दा फक्त तारखांचा आहे.

चेक परत आल्याचं बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत ठेकेदाराला पैसे मागणारी लेखी नोटीस जायला हवी होती. तुमची ती मुदत १८ जुलैला संपली. त्यानंतर कोर्टात फौजदारी तक्रार दाखल करायला उशीर झाला, तर सबळ कारण असल्यास कोर्ट तो माफ करू शकतं. नोटिशीच्या उशिराला मात्र माफी नाही. तुम्ही मेमो किराणा बिलांच्या फायलीत ठेवला आणि वर डबेही पाठवत राहिलात! त्याच्या शब्दावर गेलेला प्रत्येक आठवडा तुमच्या हक्कातून वजा होत होता. व्हॉट्सअ‍ॅपवर "भाऊ, पैसे द्या ना" लिहिलंत, त्याला नोटीस म्हणता येईल असं मला वाटत नाही.

तरीही वाट बंद झालेली नाही. चेक त्यावरच्या तारखेपासून तीन महिने चालतो, म्हणजे तुमचा ९ सप्टेंबरपर्यंत. तोच चेक पुन्हा भरता येतो, आणि पुन्हा परत आला तर त्या नव्या मेमोपासून नवे ३० दिवस मिळतात. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये हे स्पष्ट केलं आहे. पण मुदतीच्या आत चेक ठेकेदाराच्या बँकेपर्यंत पोचायला हवा, नुसता तुमच्या शाखेत जमा होऊन चालत नाही. म्हणून ९ तारखेची वाट पाहू नका, याच आठवड्यात भरा. "जुना चेक परत द्या, नवा देतो" असं तो म्हणाला तर हातातला चेक सोडू नका.

एक गोष्ट तुम्ही लिहिलेली नाही. मधल्या काळात त्याने या बिलापोटी थोडे पैसे जीपेवर टाकले आहेत का? टाकले असतील, तर पूर्ण रकमेचा चेक तसाच भरू नका. मिळालेल्या रकमेची चेकवर नोंद करावी लागते, नाहीतर केस तिथेच अडकते. आधी वकिलाला दाखवा, पण त्यातही दिवस घालवू नका.

चेक पुन्हा परत आला की मेमो घेऊन त्याच दिवशी वकिलाकडे जा. नोटिशीत चेकची रक्कम अचूक हवी, आणि ती स्पीड पोस्टने पाठवून पोचपावती जपून ठेवा. नोटीस मिळाल्यावर त्याला १५ दिवस असतात. तेवढ्यात पैसे आले नाहीत, तर पुढच्या महिन्याभरात तक्रार करायची. तुमचं खातं पुण्यातल्या शाखेत असेल, तर केस पुण्यातच चालेल, मग त्याचं ऑफिस कुठेही असो.

पैसे कधी मिळतील, हे मात्र मी सांगू शकत नाही. असा खटला सहा महिन्यांत संपवायचा प्रयत्न करावा असं कायद्यात लिहिलंय, पण शिवाजीनगर कोर्टात तारखांवर तारखा पडताना मी रोज बघतो आणि छोट्या धंदेवाल्यांसाठी जीव तुटतो. चेकच्या रकमेच्या २० टक्क्यांपर्यंत अंतरिम भरपाई, म्हणजे खटला चालू असतानाच मिळणारी रक्कम, मागता येते, देणं न देणं कोर्टाच्या मर्जीवर. वसुलीचा दिवाणी दावा साधारण तीन वर्षांत लावता येतो, तो पर्याय वेगळा आहेच.

डबे उतरवून घेताना गेटवर सही झालेली चलनं तारखेप्रमाणे लावून ठेवा. त्याचे व्हॉट्सअ‍ॅप मेसेज पुसू नका, फोनही बदलू नका. आणि पैसे येईपर्यंत त्याला एकही डबा उधार देऊ नका.