टोपी घातलेला ससाणा

प्रिय,

तुझा मेसेज वाचला. टॅरोच्या पत्त्यांत ‘नाइन ऑफ पेंटॅकल्स’ हे कार्ड आलं म्हणजे नोकरी नक्की का, असं विचारतेस. ते मला ठाऊक नाही आणि कार्डालाही नाही. पण त्याच मेसेजात खाली लिहिलंयस, ‘मला चारचौघांत बोलायला जमतच नाही.’ त्यासाठी मात्र हे कार्ड कामाला येईल.

अर्थाचं पुस्तक बाजूला ठेव. त्यात ‘समृद्धी, स्वावलंबन’ असलं काहीतरी असतं, वाचून पोरी खूश होतात आणि दुसऱ्या दिवशी होत्या तिथेच. तू चित्र बघ. द्राक्षाच्या मळ्यात बाई उभी आहे. हातात मोजा, मोज्यावर ससाणा, त्याच्या डोक्यावर टोपी. डोळे झाकलेले. १९०९ साली लंडनमध्ये निघालेल्या या डेकची चित्रं पामेला कोलमन स्मिथची. तिनं ससाणा आंधळा काढलेला नाही, त्याचे पंखही छाटलेले नाहीत. नुसती टोपी आहे.

आता कोल्हापूरकरणीला हे मी काय सांगू? संस्थानाच्या काळात इथे शिकारीचे चित्ते पाळायचे. डोळे झाकून चित्ता गाडीवरून माळावर न्यायचा आणि काळवीट टप्प्यात आलं की चित्तेवान टोपी काढायचा. मुक्या जनावराचे हाल होतेच, ते मी झाकत नाही. पण टोपीला काम होतं. वाटेत गर्दी बघून जनावर बिथरू नये, भलत्यावर झेप टाकू नये.

तुझं ‘जमत नाही’ तसंच आहे. सातवीत भाषणात अडखळलीस आणि अख्खा वर्ग हसला, हे तूच सांगितलं होतंस. त्यानंतर गप्प राहिलीस म्हणून पुन्हा कुणी हसलं नाही. त्या वयात टोपीनं तुला सांभाळलं, तेव्हा तिच्यावर चिडू नकोस. पण आता माळ आलाय.

वहीत लिही : ससाणा काय करतोय? ‘शांत बसलाय. त्याला दिसत नाही. पंख मिटलेत.’ मग ‘ससाणा’ खोडून ‘मी’ घाल आणि मोठ्यानं वाच. जे वाक्य टोचेल त्याच्यापुढे लिही, ही टोपी कुणी घातली, कधी, कशासाठी. वर्गातली ती पोरं आज कुठे आहेत, हेही लिही. हसू येईल.

‘स्ट्रेंथ’ या दुसऱ्या कार्डातला सिंह काढून बघू का, असं विचारशीलच. अंबाबाईच्या गावातले आपण, सिंह दिसला की हात जोडतो! तो राहू दे सध्या. त्यापेक्षा तुझ्याच कार्डात खाली जमिनीवर बघ, गोगलगाय आहे. बहुतेकांना ती दिसतच नाही. तुझा वेग सध्या तिचा ठेव. या रविवारी चप्पल लाइनीत जा आणि भाव तू कर. आईला घरीच ठेव, नाहीतर ती मध्ये बोलणारच. पुढच्या आठवड्यात माझ्याकडे ये, दोन अनोळखी माणसं बसवते, त्यांना तुझ्या प्रोजेक्टची माहिती सांग. आणि नुसत्या विचारानं छाती धडधडून रात्र-रात्र झोप येत नसेल, तर आधी डॉक्टरांना दाखव. ते पत्त्यांचं काम नव्हे.

मुलाखतीच्या आदल्या रात्री कार्ड अजिबात काढायचं नाही. वाईट आलं तर झोप उडेल, चांगलं आलं तर तयारी सोडशील. डेक माझ्याकडेच ठेवून जा.

तुझी,
मावशी